ताम्हिणी घाटातील पाऊस, धुके आणि गाडीचा वेग : अनुभवी चालकांकडून मार्गदर्शन हवे आहे

मुळाकाठ
४ जुलै, रात्री ९.४०

नमस्कार. माझी आई म्हसळ्याला एकटी राहते. तिच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर दर पंधरा दिवसांनी मी पुण्याहून ताम्हिणी घाटमार्गे तिच्याकडे जातो. गाडी चालवायला लागून बारा वर्षे झाली आहेत, पण त्यांतली बहुतेक शहरातली आणि द्रुतगती मार्गावरची आहेत. भर पावसातला घाट मी या वर्षीच पहिल्यांदा पाहतो आहे.

गेल्या रविवारी निवे गाव मागे टाकल्यावर एकाएकी धुके उतरले. पुढे एक टेम्पो होता. रस्ता दिसत नव्हता, पण त्याचे लाल दिवे दिसत होते, म्हणून मी त्यांच्यामागे ताशी चाळीसच्या वेगाने चालत राहिलो. त्यातच काच आतून धुरकटली आणि मी एका हाताने ती पुसू लागलो. तेवढ्यात टेम्पोने ब्रेक लावला. मीही लावला, पण गाडी थांबण्याऐवजी सरकत गेली, आणि थांबली तेव्हा टेम्पोच्या फाळक्यावर बांधलेल्या निळ्या ताडपत्रीवरून ओघळणारे पाणी मला अगदी नाकासमोर दिसत होते. दोन गाड्यांमध्ये फार तर हातभर अंतर उरले होते. पत्नी आणि मुलगी मागे बसलेल्या होत्या. त्यानंतर म्हसळ्यापर्यंत गाडीत कोणीही बोलले नाही.

मार्ग बदलणे किंवा जाणे बंद करणे मला शक्य नाही. म्हणून विचारतो, की धुक्यात किती वेगाने जावे, कोणते दिवे लावावेत, काच का धुरकटते आणि पुढच्या गाडीच्या मागे राहणे योग्य आहे की नाही? कृपया सविस्तर लिहावे.

निवृत्तचालक
४ जुलै, रात्री ११.०५

आपण सर्व सुखरूप आहात हे वाचून बरे वाटले. मी एसटीत ३१ वर्षे गाडी चालवली आणि त्यातले बरेच पावसाळे रायगड जिल्ह्यातल्या घाटांत काढले, म्हणून शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो.

पुढच्या गाडीचे लाल दिवे धरून चालणे ही धुक्यात होणारी सर्वांत मोठी चूक आहे, आणि ती चांगले चांगले चालकही करतात, कारण दिवा दिसला की माणसाला धीर येतो. पण तो दिवा तुम्हाला रस्ता दाखवत नसतो, फक्त पुढची गाडी कुठे आहे एवढेच सांगत असतो. ती गाडी कठड्याकडे गेली तर तुम्हीही कठड्याकडे जाता. शिवाय दिवा नजरेआड होऊ नये म्हणून माणूस नकळत जवळ जवळ जातो आणि स्वतःचा वेग विसरून पुढच्याच्या वेगाने चालू लागतो. दिवा दिसेनासा झाला तरी चालेल, पण आपला वेग आपणच ठरवावा. नजर ठेवायची ती आपल्या डाव्या हाताच्या पांढऱ्या पट्टीवर. मधल्या पट्टीवर नजर ठेवली की गाडी हळूहळू मध्याकडे सरकते आणि समोरून येणाराही तीच पट्टी धरून येत असतो.

दुसरी गोष्ट गिअरची. ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये तो उतरायचा, हे आम्हाला पहिल्या दिवशी शिकवले गेले. उतार सुरू होण्याच्या आधीच दुसरा गिअर टाकावा. भर वळणात गिअर उतरवला तर चाकांना हिसका बसतो आणि ओल्या रस्त्यावर तेवढा हिसकाही पुरतो. उतारावर गाडी न्यूट्रल करून सोडणारे लोक मी पाहिले आहेत. त्यात वाचणारे इंधन नगण्य असते आणि सगळा भार ब्रेकवर येतो. ब्रेक तापून पकड सोडू लागले, की ऐन गरजेच्या वेळी पायाखाली काहीच उरत नाही.

तिसरी गोष्ट कानाची. धुक्यात गाणी बंद करावीत, उजवी काच चार बोटे खाली घ्यावी आणि प्रत्येक आंधळ्या वळणाच्या आधी हॉर्न द्यावा. दिसण्याच्या कितीतरी आधी गाडी ऐकू येते. आणि अरुंद जागी चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची असते. हा केवळ शिष्टाचार नसून वाहतुकीचा नियम आहे, कारण चढावर थांबलेली भरलेली गाडी पुन्हा उचलणे कठीण असते.

वाईची_शिक्षिका
५ जुलै, सकाळी ७.२०

काकांनी लिहिलेले अगदी मोलाचे आहे. मी भौतिकशास्त्र शिकवते, म्हणून "किती वेगाने जावे" या प्रश्नाचे उत्तर आकड्यांत देऊन पाहते.

धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत साधारण दीड सेकंद जातो असे धरू. या वेळात गाडी पूर्ण वेगाने पुढे जातच असते. त्यानंतर प्रत्यक्ष ब्रेक लागून थांबण्याचे अंतर येते, आणि ते वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे वेग दुप्पट झाला की ते चौपट होते. कोरड्या डांबरावर घर्षणाचा गुणांक (टायरची रस्त्यावरची पकड सांगणारा आकडा) साधारण ०.७ आणि ओल्या डांबरावर ०.४ धरला, तर ताशी ६० किलोमीटरच्या वेगाला ओल्या सपाट रस्त्यावर विचाराचे २५ मीटर आणि ब्रेकचे ३५ मीटर असे एकूण ६० मीटर लागतात. ताशी ४० ला सुमारे ३२ मीटर, ३० ला सुमारे २१ मीटर आणि २० ला सुमारे १२ मीटर. उतारावर हे आणखी वाढते. शंभर मीटरला सहा मीटर उतार असेल, तर ६० च्या वेगाला ब्रेकचेच अंतर ३५ वरून ४१ मीटरपर्यंत जाते.

आता मुळाकाठ यांच्या प्रसंगाकडे पाहा. त्यांना पुढचे पंधरा-वीस मीटर दिसत असतील आणि ते चाळीसच्या वेगाने जात होते, म्हणजे थांबायला लागणारे अंतर दिसणाऱ्या अंतराच्या जवळजवळ दुप्पट होते. पुढचा टेम्पोही लगेच जागीच थांबला नाही, काही मीटर पुढे गेला, म्हणून ते वाचले. त्याच्या जागी दरडीचा दगड असता तर तो तेवढेही पुढे सरकला नसता.

म्हणून दिसते त्या अंतरात पूर्ण थांबता येईल एवढाच वेग ठेवावा. आणि रस्ता एकाच गाडीच्या रुंदीचा असेल तर दिसणाऱ्या अंतराच्या निम्म्यात थांबता आले पाहिजे, कारण समोरून येणाऱ्यालाही थांबायला जागा लागते. वीस मीटर दिसत असताना अशा रस्त्यावर वेग ताशी १५ च्या आसपासच असावा. मोजायला सोपे पडावे म्हणून सांगते, कडेचे दोन पांढरे दगड किंवा कठड्याचे खांब निवडून त्यांच्यातले अंतर एकदा गाडी थांबवून पावलांनी मोजून घ्यावे. आपल्याला "बरेच दिसते आहे" असे वाटते तेव्हा खरे अंतर किती कमी असते हे कळून मला स्वतःला धक्का बसला होता.

सुसाट_नाही
५ जुलै, सकाळी ९.१२

मी धुक्यात चारही इंडिकेटर चालू ठेवून जातो. मागच्याला लांबून दिसते आणि माझा तरी अनुभव चांगला आहे. पार्किंग लाइटपेक्षा ते नक्कीच उठून दिसतात.

निवृत्तचालक
५ जुलै, दुपारी १.३०

आपला हेतू योग्य आहे, परंतु चालत्या गाडीवर चारही इंडिकेटर लावण्याच्या मी ठामपणे विरोधात आहे. मागच्याला धुक्यात चार लुकलुकणारे दिवे दिसले की गाडी चालती आहे की बंद पडलेली, हे त्याला कळत नाही. एखादा घाबरून उजवीकडून काढायला जातो आणि समोरच्याच्या तोंडावर येतो. दुसरे असे की तुम्हाला खरोखर उजवीकडे वळायचे असेल तेव्हा सांगायला तुमच्याकडे दिवाच उरत नाही. ताम्हिणीत धबधब्यापाशी वळणाऱ्या गाड्या किती असतात, ते आपण पाहिलेच असेल.

पुढचे दिवे डिपरवर, म्हणजे खालच्या झोतावर, असावेत. अप्पर लावला की प्रकाश धुक्याच्या थेंबांवर आपटून परत आपल्याच डोळ्यांत येतो आणि समोर नुसती पांढरी भिंत उभी राहते. धुक्याचे दिवे खाली बसवलेले असतात आणि त्यांचा झोत पसरट असतो, त्यामुळे ते असतील तर जरूर लावावेत. नुसत्या पार्किंग लाइटवर चालणे मात्र दिवे न लावण्यासारखेच आहे.

सुसाट_नाही
५ जुलै, दुपारी २.०५

वळण्याचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. पण पुढे अचानक गाड्या खोळंबल्या आणि मी रांगेत शेवटचा असेन, तर?

निवृत्तचालक
५ जुलै, दुपारी २.२०

तेव्हा अवश्य लावावेत, आणि मागे दुसरी गाडी येऊन थांबेपर्यंत लावून ठेवावेत. त्याचबरोबर ब्रेकवरचा पायही काढू नये.

तेरेखोलकाठ
५ जुलै, संध्याकाळी ६.४५

काच धुरकटण्याबद्दल कोणी लिहिले नाही, म्हणून लिहितो. मी सावंतवाडीहून आंबोली चढून बेळगावला महिन्यातून दोनदा जातो. हा त्रास दोन वेगवेगळ्या प्रकारचा असतो आणि उपाय एकमेकांच्या उलट असल्यामुळे माणसांचा गोंधळ होतो.

घाटमाथ्यावर बाहेर गार हवा आणि आत चार माणसांचे श्वास, ओले रेनकोट, भिजलेल्या छत्र्या, अशी स्थिती असते. आतले बाष्प गार काचेवर जमते. अशा वेळी एसी चालू करून हवा काचेकडे वळवावी, तापमान थोडे वाढवावे आणि हवा आतल्या आत फिरवण्याचे बटण बंद करून बाहेरची हवा घ्यावी. एसी हवेतले बाष्प काढून घेतो, म्हणून थंडी वाजत असली तरी तो चालू हवा. गरम हवा आणि एसी एकत्र चालवता येतात, हे अनेकांना ठाऊक नसते.

खाली कोकणात उतरल्यावर मात्र उलट होते. बाहेर उबट दमट हवा आणि आत एसी कडक, म्हणून काच बाहेरून धुरकटते. आतून कितीही पुसले तरी ती स्वच्छ होत नाही आणि माणूस घाबरतो. वायपर एकदा फिरवला की उलगडा होतो. मग एसीचे तापमान वाढवावे आणि हवेचा झोत काचेवरून काढून घ्यावा. आत की बाहेर हे ओळखण्यासाठी काचेवर बोट फिरवून पाहावे. हातरुमालाने पुसू नये, कारण त्याने तेलकट रेघा उठतात आणि समोरून दिवे आले की त्याच रेघा डोळ्यांसमोर चमकतात.

गॅरेज_कराड
५ जुलै, रात्री ८.३०

मुळाकाठ साहेब, ब्रेक लावल्यावर गाडी सरकली असे आपण लिहिले आहे, तेव्हा सर्वांत आधी टायर पाहा. टायरच्या खाचेत मध्ये मध्ये छोटे उंचवटे असतात, त्यांची उंची १.६ मिलिमीटर असते. खाच झिजून त्यांच्या पातळीला आली की टायर कायद्यानेही बाद होतो. पण पावसासाठी तेवढी वाट पाहणे धोक्याचे आहे. माझे मत असे की ३ मिलिमीटरच्या खाली गेलेला टायर जूनमध्ये गाडीवर नसावा. खाचेचे काम चाकाखालचे पाणी बाजूला सारण्याचे असते. ते झाले नाही तर चाक रस्त्यावर नव्हे, पाण्यावर चालते. महामार्गावर साचलेल्या पाण्यात स्टिअरिंग एकाएकी हलके लागते ते त्यामुळेच. त्या क्षणी ब्रेक मारू नये आणि स्टिअरिंगही फिरवू नये. ॲक्सिलरेटरवरचा पाय अलगद उचलावा, चाके स्वतःच पुन्हा रस्ता धरतात.

आमच्याकडे जूनमध्ये पुष्कळ लोक येतात आणि "पाऊस सुरू झाला, हवा थोडी कमी करून द्या, पकड चांगली येते" असे म्हणतात. हे पूर्ण चुकीचे आहे. हवेचा दाब जितका कमी, तितक्या कमी वेगाला टायर पाण्यावर तरंगतो. कंपनीने दाराच्या चौकटीवर जो आकडा लिहिला आहे तोच ठेवावा आणि तो टायर थंड असताना तपासावा.

वायपरचे रबर एप्रिल-मेच्या उन्हात कडक होते. ते दर पावसाळ्याआधी बदलावे. खर्च काही शे रुपयांचा असतो. एबीएस (जोरात ब्रेक लावला तरी चाके अडकू न देणारी यंत्रणा) असलेल्या गाडीत ब्रेक जोरात दाबला की पायाखाली थरथर आणि करकर जाणवते. त्याला घाबरून लोक पाय उचलतात. उचलू नये, दाबून धरावा, कारण त्या थरथरीमुळेच स्टिअरिंग आपल्या ताब्यात राहते.

भातखाचर
५ जुलै, रात्री ९.५०

मी आंबा घाटाच्या पायथ्याशी राहतो आणि दुचाकी चालवतो, म्हणून रस्त्याबद्दल लिहितो. चारचाकीतून तो इतका जवळून दिसत नाही.

मृगाच्या पहिल्या सरी सर्वांत निसरड्या असतात. चार महिन्यांचे सांडलेले तेल आणि धूळ ओली होऊन वर तरंगते, आणि धो धो पाऊस पडून ते वाहून जाईपर्यंत रस्ता साबणासारखा असतो. जुलैत दुसरेच संकट येते. लावणीच्या दिवसांत चिखलणीचे ट्रॅक्टर एका खाचरातून दुसऱ्यात जाताना रस्त्यावरून जातात आणि चाकांचा तांबडा चिखल सोडतात. गाव लागले, दोन्ही बाजूंना खाचरे दिसली, की पुढच्या वळणावर चिखल असणार असे धरूनच चालावे. तिसरी जागा म्हणजे झाडीखालची कायम सावलीतली वळणे. तिथे ऑगस्टपर्यंत डांबराच्या कडेला हिरवट शेवाळ धरते. धुक्यात डावी कड धरून चालताना चाक त्याच्यावर जाऊ शकते, म्हणून कडेच्या पट्टीवर नजर ठेवावी पण चाक पट्टीच्या आतच ठेवावे. दुचाकीस्वारांनी रंगवलेल्या पट्ट्या आणि पुलाच्या जोडांवरचे लोखंड सरळ ओलांडावे. त्यांच्यावर असताना गाडी कलती नसावी आणि ब्रेक लावू नये.

सावित्रीकाठ
६ जुलै, सकाळी ८.००

मी महाडचा आहे. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात वाहून गेला आणि त्याच्याबरोबर दोन एसटी बस आणि इतर वाहनेही गेली. त्या रात्रीच्या चालकांचा काही दोष नव्हता. अंधारात, कोसळत्या पावसात, पूल नाही हे दिसण्यासारखे नव्हते. आम्ही महाडचे लोक तेव्हापासून पाण्याकडे वेगळ्या नजरेने पाहतो, आणि म्हणूनच जिथे दिसण्यासारखे असते तिथे तरी माणसांनी थांबावे असे मनापासून वाटते.

फरशीवरून, म्हणजे ओढ्यावरच्या ठेंगण्या पुलावरून, पाणी जात असेल तर गाडी घालू नये. साधारण ३० सेंटिमीटर पाण्यात लहान गाडी तरंगू लागते आणि ६० सेंटिमीटर वाहते पाणी बहुतेक गाड्या ढकलून नेते. गढूळ पाण्याखाली फरशी शाबूत आहे की वाहून गेली, हे वरून कळत नाही. "आत्ताच एक गाडी गेली" हा आधार मानू नये, कारण डोंगरात पाऊस पडला की ओढ्याचे पाणी पाहता पाहता चढते. साचलेल्या पाण्यात गाडी बंद पडलीच तर पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न करू नये. इंजिनात पाणी शिरलेले असेल तर तेवढ्याने ते कायमचे निकामी होते. पाण्यातून बाहेर आल्यावर थोडे अंतर हलका ब्रेक दाबत जावे, म्हणजे ब्रेक कोरडे होतात.

दरडीची चिन्हेही पाहत जावीत. रस्त्यावर ताजे, ओल्या मातीचे लहान दगड, डोंगरातून येणारे पाणी एकाएकी तांबडे होणे, कललेली झाडे आणि खांब, यांपैकी काही दिसले तर तिथे थांबून पाहत बसू नये आणि पुढेही जाऊ नये, मागे फिरावे.

दिल्लीत_मराठी
६ जुलै, सकाळी १०.४०

एक छोटी भर. इकडे डिसेंबर-जानेवारीत पडणारे धुके सपाट प्रदेशावर रात्रभर जमते आणि ऊन चढेपर्यंत हलत नाही, त्यामुळे यमुना द्रुतगती मार्गावर हिवाळ्यात वेगमर्यादाच कमी केली जाते. सह्याद्रीतले धुके म्हणजे डोंगराला अडलेला ढग. तो सरकत असतो. एका वळणावर दाट, पुढच्यावर मोकळे, पुन्हा दाट. मोकळे झाले म्हणून लगेच वेग वाढवणे हीच तिथली फसगत आहे, असे गावी आल्यावर माझ्या लक्षात आले.

मुळाकाठ
६ जुलै, रात्री ९.१५

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिले, त्याबद्दल मनःपूर्वक आभार. एक शंका राहिली. हवामान खात्याचा रेड अलर्ट असेल आणि आईकडे जाणे ठरलेले असेल, तर नेमके कसे ठरवावे? अलर्ट असूनही कोरडा गेलेला दिवस मी पाहिला आहे.

वाईची_शिक्षिका
६ जुलै, रात्री १०.००

हवामान खात्याच्या वर्गवारीत २४ तासांत २०४.४ मिलिमीटरहून जास्त पाऊस म्हणजे अत्यंत मुसळधार, आणि रेड अलर्ट साधारण त्याच शक्यतेचा असतो. तो मोठ्या भागासाठी दिलेला असल्यामुळे पुणे शहरात ऊन असते आणि ताम्हिणीत आभाळ फाटलेले असते. २५ जुलै २०२४ ला ताम्हिणीत एका दिवसात ५५० मिलिमीटरहून अधिक पाऊस नोंदला गेला. त्यामुळे आपल्या गच्चीवरून ठरवू नये. त्या दिवशी जाऊच नये, आणि आईंना आधीपासून सांगून ठेवावे की अशा दिवशी मी येणार नाही, म्हणजे निघण्याचा दबाव राहत नाही.

निवृत्तचालक
६ जुलै, रात्री १०.३०

सहमत आहे. शनिवार-रविवारही टाळावेत, कारण वळणावर उभ्या केलेल्या गाड्या आणि रस्त्यावर छायाचित्रे काढणारी माणसे धुक्यात दिसत नाहीत. निघताना टाकी भरलेली, फोन चार्ज केलेला आणि विजेरी जवळ असावी. मदतीसाठी ११२ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ हे क्रमांक घरातल्या सर्वांना पाठ असावेत. घाटात बराच भाग फोनला रेंज नसते, म्हणून घाट सुरू होण्याआधी घरी एक फोन करून किती वाजेपर्यंत खाली पोहोचाल ते सांगावे.

मुळाकाठ
२१ जुलै, रात्री ८.५०

काल जाऊन आज परत आलो. खरे तर शुक्रवारी निघायचे होते, पण पौडला पोहोचलो तेव्हा समोरचा डोंगर दिसत नव्हता आणि परतणारे जीपवाले वर काहीच दिसत नसल्याचे सांगत होते. तिथूनच आईला फोन केला आणि मागे फिरलो. ती म्हणाली, "बरं झालं, मी रात्रभर जागीच राहिले असते." शिक्षिका ताईंनी सांगितल्याप्रमाणे आधी बोलून ठेवले होते, म्हणून मला हे जमले. निवृत्तचालक काकांनी शनिवार टाळायला सांगितले होते, पण दुसरा दिवस मिळण्यासारखा नव्हता, म्हणून पहाटे साडेसहाला घर सोडले आणि गर्दी होण्याआधी घाट उतरलो.

निव्याच्या पुढे धुके होतेच. दुसरा गिअर, ताशी वीस, काच चार बोटे खाली. मागे दोन गाड्या हॉर्न वाजवत होत्या, त्यांना सरळ पट्टा येताच डावीकडे घेऊन पुढे जाऊ दिले. पूर्वी मला ते अपमानासारखे वाटले असते. मागच्या वेळी जिथे टेम्पो थांबला होता त्याच्या जरा पुढे खालून एसटीचा हॉर्न आला. गाडी दिसत नव्हती, नुसता आवाज वळणामागून वर येत होता. मी पट्टीच्या आत डावीकडे थांबलो. काही क्षणांनी धुक्यातून दोन पिवळट दिवे निघाले आणि ती लाल गाडी माझ्या आरशाजवळून अगदी सावकाश वर गेली. चालकाने हात वर केला. मुलीनेही केला.

गॅरेजवाल्या दादांना एक विचारायचे आहे. टायरची खाच मोजून घेतली. पुढची जोडी ४ मिलिमीटर आहे आणि मागची १.८ निघाली. दोनच नवे घेतो आहे. दुकानदार म्हणतो, इंजिन पुढे आहे, तेव्हा नवे पुढे घाला आणि जुने पुढचे मागे टाका. तसे करावे का?

गॅरेज_कराड
२१ जुलै, रात्री ९.२५

करू नये. नवे टायर मागेच घालावेत. पुढची चाके घसरली तर स्टिअरिंगवर लगेच कळते आणि वेग कमी करून गाडी सावरता येते. ओल्या वळणावर मागची चाके सुटली तर गाडी स्वतःभोवती फिरते, आणि ते कळेपर्यंत सावरायला वेळ उरलेला नसतो. पुढचे ४ मिलिमीटरचे या पावसाळ्यापुरते चालतील, मात्र दिवाळीनंतर पुन्हा एकदा मोजून घ्या. नवे टायर बसवल्यावर पहिले दोन-तीनशे किलोमीटर त्यांची पकड पूर्ण आलेली नसते, तेव्हा पुढच्या घाटाच्या आधी ते शहरात थोडे चालवून घ्या.